ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतंय? डिस्क बदलण्याआधी हे तपासा

शहरात चाळीसच्या वेगाने फिरताना काहीच जाणवत नाही. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा सायन-पनवेलवर ऐंशीला असताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. वेग उतरतो तशी थरथर मंदावते आणि गाडी थांबता थांबता नाहीशी होते. गॅरेजला नेलं की मिस्त्री ब्रेकच्या डिस्ककडे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीकडे, एक नजर टाकतो आणि सांगतो, "साहेब, डिस्क बेंड झालीय. जोडी टाकावी लागेल." नव्या डिस्क येतात, त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे नवे पॅड येतात, थरथर जाते. मग काही हजार किलोमीटर झाले की तीच थरथर परत हजर.

ती परत का येते हे कळलं तर निम्मं काम झालं. 'बेंड' म्हणून भंगारात गेलेल्या बऱ्याच डिस्क वाकलेल्या नसतातच. त्यांची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते, तीही अगदी थोडी. ०.०२ मिलिमीटरचा फरक, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, तेवढा स्टिअरिंग हलवायला पुरतो. डिस्कचा जाड भाग पॅडमधून गेला की पकड वाढते, पातळ भाग आला की सुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा-दोनदा हे घडतं. १८५/६५ आर१५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला अकरा-साडेअकरा फेरे मारतं आणि निदान तितके हिसके सस्पेन्शनमधून स्टिअरिंगपर्यंत पोचतात. ऐंशी ते शंभरच्या पट्ट्यात हे हिसके सस्पेन्शनच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतात, म्हणून तिथेच त्रास सगळ्यात जास्त होतो.

जाडीत हा फरक पडतो कसा? डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर) जराशी तिरकी बसली असेल, तर ब्रेक न मारताही ती प्रत्येक फेऱ्यात त्याच दोन जागी पॅडला घासत राहते. काही हजार किलोमीटर असं घासलं की त्या जागा पातळ होतात. म्हणून तिरकेपणाचं मूळ शोधलं नाही तर नवी डिस्कही त्याच वाटेने जाते. या लेखाचा सगळा रोख त्या मुळावर आहे. डिस्क बदलणं हे शेवटचं काम, पहिलं नाही.

दोष ब्रेकचाच आहे ना, ते आधी ठरवा

ब्रेक न मारता, नुसत्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर ब्रेकला हात लावू नका. ते काम बॅलन्सिंगचं, वाकलेल्या रिमचं किंवा फुगा आलेल्या टायरचं. घोडबंदर रोडच्या पावसाळी खड्ड्यांनंतर रिम वाकणं नवीन नाही, आणि टायरवाल्याकडे मशीनवर चाक फिरलं की ते लगेच दिसतं. थरथर फक्त ब्रेकवरच येत असेल तरच पुढे वाचा.

दुसरं, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. ओल्या किंवा रेतीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कडकड करतं, तो दोष नाही, यंत्रणेचं काम आहे. फरक ओळखायची खूण म्हणजे लय. डिस्कची थरथर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते, वेग कमी झाला की तीही संथ होते. एबीएसची कडकड आपल्या ठेक्यात चालते. मात्र कोरड्या रस्त्यावर, हळू थांबतानाही अशी कडकड येत असेल तर चाकाचा सेन्सर किंवा त्याची दातेरी रिंग गंजली असण्याची शक्यता आहे. ती वेगळी दुरुस्ती.

आता पुढचं की मागचं? स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं. स्टिअरिंग शांत आणि सीट किंवा पेडल थरथरत असेल तर मागची. खात्रीसाठी ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत एक चाचणी करता येते: मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी चाळीसला, बटण अंगठ्याने दाबूनच ठेवून, हँडब्रेक हलका हलका ओढायचा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. थरथर आली तर दोष मागे, नाही आली तर बहुधा पुढे. बटण सोडायचं नाही, जोरात ओढायचं नाही, ओल्या रस्त्यावर तर करायचंच नाही. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत ही चाचणी टाळा.

ही चाचणी कुठे करायची याचाही विचार करा. पाम बीच रस्त्यावर सकाळी सायकलवाले असतात, घोडबंदरवर मागे ट्रक असतो. आपल्या भागातला रविवारी सकाळी रिकामा असणारा रस्ता बघा, आणि मागे कुणी नाही याची आरशात दर वेळी खात्री करा.

थरथर थंड गाडीतच येते की ब्रेक तापल्यावरच, हेही टिपून ठेवा. पहिल्याच ब्रेकपासून येत असेल तर जाडीतला फरक किंवा तिरकी बसलेली डिस्क. थंड असताना सगळं ठीक आणि घाट उतरताना थरथर, तर डिस्क तापून आकार बदलतेय, किंवा अडकलेलं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तिला सतत तापवतंय. हा फरक पुढे कामाला येतो.

आणि ब्रेक मारताना पेडल खाली जात असेल, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकाच्या आतून ऑइल गळत असेल, तर चाचण्या नकोत. गाडी जागेवर ठेवा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

चाक काढताना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी घाला, नाहीतर ब्लॉक खचतो आणि जॅक कलंडतो. गाडी सपाट जागेवर, पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेक ओढून. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडाची उटी. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग उचला आणि स्टँडवर टेकवा. गाडी नुसत्या जॅकवर असताना हात आत घालायचा नाही.

चाक काढण्याआधी ते वर-खाली धरून हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे खुळखुळ असेल तर टाय रॉड एंड. लोअर आर्मचं (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचं) रबरी बुश फाटलंय का हे टॉर्च मारून बघा. ढिल्या बुशमुळे थरथर सुरू होत नाही, पण डिस्कमधला जो दोष चांगल्या बुशने पचवला असता तो हातापर्यंत पोचतो. बेअरिंगमध्येच खेळ असेल तर पुढची सगळी मापं निरर्थक ठरतात, म्हणून आधी ते काम उरका.

नट उघडताना त्यांचा ताण सारखा आहे का याकडेही लक्ष द्या. एक सहज सुटला आणि दुसऱ्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं, तर कारण कदाचित तिथेच सापडलं. डिस्क ही रिम आणि हब यांच्या मध्ये चिमटलेली असते. पंक्चर काढल्यावर टायरवाल्याने गनने एक नट करकचून आणि दुसरा अर्धवट आवळला, तर डिस्क खरोखर तिरकी ओढली जाते. थरथर टायरचं काम केल्यानंतर सुरू झाली असेल तर आधी एवढंच करून बघा: सगळे नट ढिले करून टॉर्क पान्याने (ठरलेल्या ताणापर्यंतच आवळू देणाऱ्या पान्याने) पुन्हा सारखे आवळा. थोडेच दिवस झाले असतील तर तेवढ्यानेही थरथर जाऊ शकते.

हबचा गंज: सगळ्यात दुर्लक्षित जागा

कॅलिपर आणि त्याची ब्रॅकेट काढा. कॅलिपर रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. डिस्क कोणत्या स्टडवर (नट ज्यांवर आवळतात त्या हबच्या बोल्टवर) कशी बसली होती त्याची मार्करने खूण करा. ती गंजून चिकटली असेल तर हातोड्याने ठोकण्याआधी डिस्कच्या मधल्या भागात दोन आटे पाडलेली भोकं आहेत का बघा. बऱ्याच गाड्यांत ती असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क सुटून बाहेर येते.

आता हबकडे नीट बघा. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत चार महिने पाऊस आणि बाराही महिने खाडीची खारी हवा. ऐरोली, वाशी, कोपरी, कोलशेत भागातल्या गाड्यांच्या हबवर तपकिरी खपली हमखास दिसते. ती सगळीकडे सारखी नसते, स्टडच्या मुळाशी जास्त जमते. डिस्क बदलताना बहुतेक ठिकाणी वरवर पॉलिश पेपर फिरवतात आणि स्टडच्या कडेची खपली तशीच राहते.

तिचा परिणाम हिशोबाने बघू. हबच्या सपाट भागाचा व्यास १४० मिमी धरा. एका कडेला ०.०५ मिमीची खपली राहिली, तर डिस्क तेवढी तिरकी बसते. डिस्क २५० मिमीची असेल आणि माप कडेपासून १० मिमी आत घेतलं, तर तिथे तो तिरकेपणा ०.०८ मिमीपर्यंत वाढलेला असतो. बोटाला न लागणाऱ्या खपलीने नवीकोरी डिस्क अशी बिघडते.

कोपरखैरण्यातल्या आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीत हेच झालं होतं. डिस्कची जोडी बदलून वर्षही झालं नव्हतं आणि थरथर परत आली. डिस्क जागेवर असताना तिरकेपणा मोजणारं डायल गेज लावलं तर सुई ०.१४ मिमी दाखवत होती. डिस्क काढली, स्टडभोवतीची खपली छोट्या गोल तारेच्या ब्रशने खरवडली, तेव्हा ती पापुद्र्यासारखी निघाली. डिस्कच्या मागच्या बाजूला तिचाच ठसा होता, तोही साफ केला. पुन्हा बसवून मोजलं तर ०.०३ मिमी. लेथवर (धातू तासायच्या यंत्रावर) एक हलका हात मारून जाडी सारखी केली आणि त्याच डिस्क अजून चालू आहेत.

साफ करताना हबवर ग्रीसचा थर देऊ नका. स्टडवर तर अजिबात नको, कारण नटांचा टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो.

मोजल्याशिवाय निर्णय नाही

दोन साधनं लागतात: चुंबकी स्टँडवरचं डायल गेज आणि मायक्रोमीटर. विकत घ्यायची नसतील तर ज्या गॅरेजात ती आहेत तिथे जा. माझं स्पष्ट मत आहे, जिथे डायल गेज नाही तिथल्या "डिस्क बेंड आहे" या वाक्यावर पैसे खर्च करू नयेत.

डिस्क हबवर ठेवून नटांखाली वॉशर घाला आणि सगळे नट सारखे आवळा, नुसत्या हाताच्या दाबाने डिस्क नीट टेकत नाही. गेजचा पाया सस्पेन्शनच्या लोखंडी भागावर घट्ट बसवा. टोक डिस्कला काटकोनात, कडेपासून १० मिमी आत. मग गियर न्यूट्रलला घेऊन डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि सुईच्या दोन टोकांमधला फरक लिहून घ्या. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. बऱ्याच कंपन्या ०.१० पर्यंत चालवून घेतात, पण तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून बघा. फरक जास्त आला तर डिस्क एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजा. हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा कधी एकमेकांत भर घालतो, कधी एकमेकांना मारतो. सगळ्या जागा बघून सर्वांत कमी माप येईल तिथे डिस्क ठेवायची. या कामाला पैसा लागत नाही, फक्त वेळ लागतो.

जाडीसाठी मायक्रोमीटरच हवा. व्हर्नियर डिस्कच्या कडेला आलेल्या गंजाच्या ओठावर टेकतो आणि खोटं माप देतो. डिस्कवर खडूने आठ समान भाग करा आणि प्रत्येक ठिकाणी कडेपासून सारख्याच अंतरावर मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरक ०.०१५ मिमीच्या वर गेला की थरथरीचं कारण हातात आलं.

डोळ्यांनीही बघा. निळसर डाग म्हणजे डिस्क तिथे प्रचंड तापली होती. पॅडच्या आकाराचा करडा ठसा म्हणजे तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला गेला आणि त्याचं मटेरियल डिस्कवर चिकटलं. एक्सप्रेसवेवर मुंबईकडे येताना घाट संपल्यावर काही किलोमीटरांतच खालापूरचा टोलनाका येतो. घाटभर ब्रेक मारत आलेली गाडी तिथल्या रांगेत ब्रेकवर पाय घट्ट दाबून उभी राहते. असा ठसा उमटायला याहून सोयीची जागा नाही.

कॅलिपर आणि पिना

पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेले नसतील तर कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या स्लायडिंग पिना जाम आहेत किंवा पॅड ढकलणारा पिस्टन अडकतोय. पिना बोटाने ओढून सहज बाहेर यायला हव्यात. त्यांची रबरी बुटं फाटली की पाणी आत जातं. ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर पावसाळ्यानंतर हे जरूर बघा. पिना ब्रेक क्लीनरने साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावा. गाडीच्या चॅसिसला लावतात ते साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. काही गाड्यांत दोन पिना वेगवेगळ्या असतात, एकीवर रबरी बुश असतं. ज्या भोकातून जी निघाली त्यातच ती गेली पाहिजे.

पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत दाबा. ब्रेक ऑइलची टाकी आधी बघा, पिस्टन आत गेला की पातळी वर येते आणि सांडलेलं ऑइल रंग खातं. मागे डिस्क असलेल्या बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, तिथे नुसता जोर लावू नका. पिस्टन सरळ आत जात नसेल तर कॅलिपर किट टाकायला गॅरेज गाठा, हे अर्ध्या माहितीवर करण्यासारखं काम नाही.

ब्रेकची भुकटी कंप्रेसरने उडवू नका. मास्क लावा, क्लीनर मारून ओली करून पुसून घ्या.

मग करायचं काय

जाडीचा फरक नाही आणि फक्त हलके ठसे दिसताहेत, तर ८०-१२० नंबरच्या पेपरने डिस्कच्या दोन्ही बाजू आणि पॅड सारखे घासा. बरेचदा एवढ्यावर भागतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडखाली आलेला गंजाचा पट्टाही याने जातो. रात्रभरात येणारी गंजाची पातळ साय मात्र दोष नाही, सकाळच्या पहिल्या तीन-चार ब्रेकमध्ये ती आपोआप निघते.

जाडीचा फरक असेल आणि डिस्कमध्ये दम असेल, तर लेथ. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' अशा अक्षरांपुढे आकडा असतो. लेथनंतर डिस्क त्या आकड्याच्या वरच राहिली पाहिजे आणि पुढच्या झिजेसाठीही जागा उरली पाहिजे. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे भागात लेथवाले मिळतात. कारागिराला दोन गोष्टी सांगा: डिस्कची बसण्याची बाजू आधी साफ करून मगच पकडायची, आणि दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये काढायच्या. गाडीवरच डिस्क फिरवून फेसिंग करणारं मशीन मिळालं तर ते जास्त चांगलं, कारण हबचा तिरकेपणाही त्यात धरला जातो.

निळे डाग खोल असतील तर लेथवर पैसे घालू नका. साधारण ६५० अंशांच्या वर तापलेल्या ओतीव लोखंडात कठीण ठिपके तयार होतात. ते खोलवर जातात, वरून काढले तरी आजूबाजूचा मऊ भाग आधी झिजतो आणि ठिपके पुन्हा वर येतात. अशी डिस्क, तडा गेलेली डिस्क आणि किमान जाडीच्या जवळ आलेली डिस्क बदलायचीच, आणि डावी-उजवी जोडीने. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा, हब साफ करा, बसवून पुन्हा गेज लावा. पॅडही नवे घाला, जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे खड्डे असतात.

मागे डिस्कऐवजी ड्रम असतील तर तर्क तोच. ड्रम अंडाकृती होतो, बहुधा तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक करकचून ओढून गाडी उभी केल्याने. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या आत राहूनच लेथ. ज्या गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात ते काम गॅरेजवर सोडा.

बसवणं आणि ब्रेक रुळवणं

चाक लावताना नट हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळा. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांचा आकडा ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला दाब फुकट जातो, आणि हे विसरून गाडी पार्किंगमधून काढली तर समोरच्या खांबापर्यंत ब्रेक लागत नाही.

नव्या पॅडना डिस्कवर सारखा थर बसवू द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. मध्ये अर्धा किलोमीटर जाऊ द्या. असं आठ-दहा वेळा, आणि मग दहा मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवून गार होऊ द्या. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही एवढं अंतर ठेवा. घाटात खालचा गियर, ब्रेक थोडा वेळ पण ठाम, मग पूर्ण सोडायचा. टोलच्या रांगेत पुढे थोडी जागा ठेवून गाडी इंच-इंच सरकती ठेवा. घाटातून आल्या आल्या चाकांवर पाण्याचा प्रेशर मारून घेऊ नका.

शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आणि पुढच्या पंक्चरला टायरवाल्याला आधीच सांगा, "दादा, गनने नको, हाताने लाव, शेवटचं आवळणं माझ्या पान्याने."